घट्ट वरणाचा इतिहास

मंडळी, आजचं लिखाण जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. बिनसाखरेचा असेल तर उत्तम. :)

बदनापूरच्या आमच्या वहिनींची वजन कमी करायची शस्त्रक्रिया ठरली आहे. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे बोलायला लागलेत आणि वजनाचा काटा गेली कित्येक वर्षं एकाच दिशेने चालला आहे. बातमी फुटली तसे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "पोट कापणार म्हणे?" "आत्तापासूनच उपाशी ठेवलंय म्हणे?" "एवढं तोंडावर ताबा ठेवायचाच आहे तर मग ऑपरेशन कशाला?" प्रत्येकाला तेच तेच सांगून वहिनी दमल्या. शेवटी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही एवढं लिहिता, तर हेही एकदाचं लिहून टाका. मी सगळ्यांना तेच वाचायला सांगते."

म्हणजे हे तसं घरगुती परिपत्रकच. पण परिपत्रक लिहायला बसलो आणि नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. असो.

शस्त्रक्रियेच्या आधी आहारतज्ज्ञ एक कागद देतात. वहिनींच्या कागदावर काय आहे ते आधी सांगतो. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. ताटात आधी डाळ, उसळ, पनीर, दही, मग भाजी, भाकरी-पोळी सगळ्यात शेवटी. ठरलेल्या वेळी, एका जागी बसून, वीस ते तीस मिनिटं जेवायचं. घास पार बारीक होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, ते अर्धा तास मागेपुढे. चहातली साखर बंद, बाटलीतली थंड पेयं बंद. पोट भरल्याची खूण कळली की थांबायचं, ताटात उरलं असलं तरी. आणि शस्त्रक्रियेच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे जवळजवळ सगळं पातळच, दिवसाला आठशे-हजार कॅलरींच्या आत.

आता फोनवरच्या प्रश्नाकडे येऊ. एवढं सगळं करायचंच आहे तर शस्त्रक्रिया कशाला? आणि शस्त्रक्रिया करायचीच आहे तर हे सगळं कशाला?

ह्या प्रश्नाचं उत्तर शल्यविशारदांनाही एका दिवसात मिळालं नाही. त्यांनी आधी सवयीला वगळूनच पाहिलं होतं. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या क्रेमेन आणि लिनर ह्या डॉक्टरांनी लहान आतड्याचा बराचसा भाग बाजूला टाकणारी शस्त्रक्रिया मांडली. विचार साधा: माणूस खाईल हवं तेवढं, पण अंगाला लागणारच नाही. वजन उतरलं, पण त्याबरोबर सततचे जुलाब, मूतखडे आणि काहींचं यकृत निकामी होणं हेही आलं. शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली.

मग आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढता वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो ह्यांच्याबरोबर जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आजच्या 'गॅस्ट्रिक बायपास'चं मूळ ते. पुढे १९८० मध्ये मेसननीच आणखी सोपी पद्धत आणली. आतड्याला हात न लावता जठराला टाके घालून वरचा कप्पा फक्त लहान करायचा आणि त्याच्या तोंडाशी पट्टी बसवायची. ह्या पद्धतीत एक गंमत झाली (रुग्णांसाठी गंमत नव्हे). अरुंद तोंडातून भाजी-चपाती नीट उतरेना, पण आइसक्रीम आणि मिल्कशेक मात्र सुळकन खाली जायचे. ज्यांना गोडाची सवय होती त्यांचं वजन फारसं उतरलं नाही. १९८७ मध्ये व्हर्जिनियातल्या शुगरमन ह्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून हे दाखवून दिलं. (गोडखाऊंवर संशोधन करणाऱ्याचं आडनाव शुगरमन असावं, ह्यावर मी काही बोलत नाही!)

तर आतडं वगळून पाहिलं, जठर लहान करून पाहिलं, आणि दोन्ही वेळा लक्षात आलं की जुनी सवय कुठून ना कुठून वाट काढतेच. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेत ठरलं की अशा रुग्णाची तपासणी एकट्या सर्जनने करायची नाही. वैद्यक, मानसोपचार आणि आहार ह्यांतले जाणकारही हवेत. वहिनींच्या हातातला कागद निघाला तो तिथून.

हल्ली जगात सगळ्यात जास्त होते ती 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया. जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि उरते एक केळ्याएवढी नळी. काढलेल्या भागातच भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते. पण एवढ्याशा नळीत जे जाईल त्यात प्रथिनं नसतील तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात. जीवनसत्त्वं आणि खनिजांच्या गोळ्या तर जन्मभर घ्याव्या लागतात. घाईने गिळलेला घास अडकतो, छातीत दुखतं, उलटी होते. म्हणजे चावणं, थांबणं, आधी डाळ खाणं हे सगळं नंतर सक्तीने करावंच लागणार. ते आधीपासून अंगवळणी पाडायचं, एवढाच त्या दोन-तीन महिन्यांचा अर्थ. पोहायला शिकणारा माणूस आधी काठाशी पाय मारतो ना, तसं.

शेवटच्या दोन आठवड्यांचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. ते यकृतासाठी आहे. वजन फार वाढलेल्या माणसाचं यकृत बहुतेक वेळा चरबीने फुगलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो उचलून धरावा लागतो. जड आणि ठिसूळ यकृत उचलताना रक्तस्राव होऊ शकतो. पिष्टमय पदार्थ आणि कॅलरी एकदम कमी केल्या की यकृत पटकन आकसतं. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना बारा आठवडे असा आहार दिला होता, आणि यकृताच्या आकारात जी घट झाली तिच्यातली सुमारे ऐंशी टक्के पहिल्या दोनच आठवड्यांत झाली होती. तेव्हा हे दोन आठवडे म्हणजे उपास नाही की शिक्षाही नाही. सर्जनला हात घालायला जागा करून देणं आहे.

(एक सूचना. हे वाचून कुणी आपल्या मनाने असला आहार सुरू करू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते डॉक्टरांकडून त्याबरोबर कमी करून घ्यावं लागतं, नाहीतर साखर एकदम खाली येते.)

"आधी स्वतःच्या हिमतीवर दहा किलो उतरवून दाखव, मगच ऑपरेशन" असं म्हणणारेही भेटले. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी असा नियमच केला होता, काही महिने डाएट करून दाखवा, मग पैसे देऊ. तिथल्या शल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की ह्या अटीला शास्त्रीय आधार नाही. तयारी ही एक गोष्ट आणि परीक्षा ही दुसरी. वहिनींना तयारी करू द्या, परीक्षा घेऊ नका.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली ती दोन बातम्यांमुळे. खवय्ये म्हणून प्रसिद्ध असलेल्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे बोललेही. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून इमान अहमद ह्यांना विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं. सुमारे पाचशे किलो वजन म्हणून वर्तमानपत्रांत रोज बातमी. पण त्या आल्या ११ फेब्रुवारीला आणि शस्त्रक्रिया झाली ७ मार्चला. मधले आठवडे त्यांना प्रथिनयुक्त द्रव आहारावर ठेवलं होतं. बातम्या क्रेनच्या आणि खास खाटेच्या झाल्या, ह्या आठवड्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचं निधन झालं.

*

आता दुसरा आक्षेप. हा जास्त जिव्हाळ्याचा आहे. "हे आपलं जेवण नाही. सोयाबीन काय, पनीर काय, भाकरी शेवटी काय! आपल्या वाडवडिलांनी असं कधी खाल्लं का?"

ह्याचं उत्तर द्यायला मला बदनापूर सोडून कुठे जावं लागलं नाही. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेवरचं, जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या मधलं आमचं गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात, मग औरंगाबाद जिल्ह्यात, आणि १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्यात. आई इथे सून म्हणून आली तेव्हा सत्तर साल होतं. तिला विचारलं, तेव्हा ताटात काय असायचं?

ज्वारीची भाकरी. थंडीत बाजरीची. तुरीचं किंवा उडदाचं वरण, हुलग्याचे शेंगोळे, ज्वारीच्या कण्या आणि ताक, रानातली तांदुळजा-घोळ-अंबाडी, ठेचा. पोळी सणाला. भात पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. तेल पळीने नाही, बोटाने. साखर डब्यात कुलूपबंद; रोजचा चहा गुळाचा, तोही सगळ्यांना नाही.

ऐकायला किती छान वाटतं नाही? आजच्या कुठल्याही आहारतज्ज्ञाने हात जोडावेत असं ताट. पण थांबा, कारण त्यानंतर लगेच आलं बहात्तर.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात ज्यांनी पाहिला त्यांना नुसतं "बहात्तर" म्हटलं तरी पुरतं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. आई त्यातली एक. ती खडी फोडायला जायची. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनला मिळायची. तिची भाकरी थापली की फाटायची, आणि गिळताना घशाला लागायची. कामावर सुकडी वाटायचे. आई ती स्वतः थोडी खाऊन बाकीची पदरात बांधून घरी आणायची. त्याच अनुभवातून पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, हा इतिहास शाळेच्या पुस्तकातही आहे. पुस्तकात नाही ते हे, की आमच्या घरात त्या वर्षापासून एक नियम कायमचा झाला: ताटात काही टाकायचं नाही.

म्हणून "जुनं ते सोनं, पूर्वीसारखं खा" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो. पूर्वीचं ताट हवं की पूर्वीची भूक? कारण त्या दोन्ही एकाच घरात राहायच्या.

*

बहात्तरनंतर ताट हळूहळू भरलं, आणि भरता भरता पार बदललं. कुणी ठरवून बदललं नाही, म्हणजे निदान जेवणाऱ्याने तरी नाही.

रेशनवर गहू आणि तांदूळ येत गेले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य ठरलं: तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरड धान्य एक रुपया किलो, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. कायद्यात भरड धान्य आहे, पण पिशवीत बहुतेक वेळा आला तो गहू आणि तांदूळच. रानात ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन आलं, त्यामुळे ज्वारी विकत घ्यायची वेळ आली आणि ती गव्हापेक्षा महाग पडायला लागली. भाकरी आठवड्यातून दोनदा, पोळी-भात रोज. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि तेल स्वस्त झालं. बोटाचं तेल पळीवर आलं, पळीचं कढईवर. साखर कुलपातून बाहेर आली. चहा दिवसातून दोनदाचा पाचदा झाला आणि प्रत्येक कपाबरोबर बिस्किटं.

आणि डाळ? देशात माणशी रोज उपलब्ध असलेल्या कडधान्यांचा आकडा १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होता. २००१ मध्ये तो ३० ग्रॅमवर आला होता. नंतर तो पुन्हा वर चढला, पण चाळीस वर्षांत निम्म्याहून खाली येणं म्हणजे एका पिढीचं वरण पातळ होणं. धान्य वाढलं, तेल वाढलं, साखर वाढली, कमी झालं ते नेमकं वरण.

बदनापूरकरांनी तर ह्यावर विशेष विचार करायला हवा. कारण आपल्या गावात कृषी संशोधन केंद्र आहे आणि त्याचं नाव आहे ते कडधान्यांसाठीच. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. (विद्यापीठाची स्थापनाही १९७२ चीच, काय योगायोग पहा.) शेतकरी 'बीडीएन ७११' म्हणून जी पांढरी तूर पेरतात, त्यातलं बीडीएन म्हणजे बदनापूर. लवकर येणारी, म्हणून पाऊस लवकर गेला तरी हाती लागणारी. 'बीडीएन ७१६' ही लाल तूर इथलीच. मूग, हरभऱ्याचे वाणही इथे निघाले. म्हणजे तुरीच्या वाणावर नाव आपल्या गावाचं, आणि गावातल्या वरणात डाळ शोधावी लागते!

वहिनींनी हा हिशोब स्वयंपाकघरातल्या काट्यावर मांडला. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं. आमच्या नेहमीच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ पंधरा ग्रॅम, म्हणजे प्रथिनं जेमतेम तीन. घट्ट वाटीत तीस ग्रॅम डाळ, म्हणजे साडेसहा. आई माळकरी, घरात अंडं येत नाही. म्हणून वहिनींचा रोजचा हिशोब असा: घट्ट वरणाच्या दोन वाट्या १३, तीस ग्रॅम सोयाबीन वड्या १५, शंभर ग्रॅम पनीर १८, दही ७, पावशेर दूध ८, एक-दीड भाकरी ६. बेरीज ६७. नुसत्या डाळीवर हे गाठायचं तर रोज पाव किलोहून जास्त कोरडी डाळ शिजवून खावी लागेल, जे जठर आख्खं असतानाही जमणार नाही. सोया आणि पनीर आले ते ह्या हिशोबातून, फॅशन म्हणून नव्हे.

*

ह्या सगळ्याचा वजनाशी संबंध काय? खाणं वाढलं, हालचाल कमी झाली, वजन वाढलं, एवढं सोपं असतं तर बरं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी ह्यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन ह्यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात त्यांना असंच बाळांमध्ये दिसलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५, पण आपली बाळं कमी वजनाची असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होता तो स्नायूंचा भाग.

आईच्या पोटात ज्याला कमी मिळालं ते शरीर काटकसरीने चालायला शिकतं आणि पुढे भरपूर मिळालं की साठवत सुटतं, असं ह्या शाखेतल्या संशोधकांचं म्हणणं आहे. म्हणूनच २०२२ मध्ये शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या तेव्हा आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची रेषा बीएमआय २७.५ इतकी खाली धरली गेली. आणि देशाचं चित्र पाहायचं तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांमध्ये कृश २२.९ टक्के आणि जादा वजनाच्या २०.६ टक्के होत्या; २०१९-२१ च्या पाहणीत कृश १८.७ आणि जादा वजनाच्या २४. मधल्या चार-पाच वर्षांत पारडं फिरलं. एकाच घरात खडी फोडणारी सासू आणि जठर कापून घेणारी सून, ही आमच्या घराची विचित्र गोष्ट नाही. हा देशाच्या पारड्याचाच एक नमुना.

मध्यंतरी सल्ल्यांचाही पूर आला होता, आठवतं? २०१८ च्या आसपास लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित घरोघरी पोचले. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर, थोड्या थोड्या वेळाने खा आणि तूप सोडू नका. लग्नाच्या पंगतीत दोन तट पडायचे. वहिनींनी दोन्ही करून पाहिलं, दोन्ही वेळा थोडं उतरलं आणि परत आलं. त्यात दोष त्या दोघांचा नाही आणि वहिनींचाही नाही. एवढं वाढलेलं वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवून आणि खर्च कमी करून ते परत मिळवायला बघतं, हे आता चांगलं माहीत झालंय. शस्त्रक्रिया तिथे हात देते.

*

आता घरातली गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहितोय.

कागदावरची सगळ्यात कठीण ओळ सोयाबीनची नव्हती. "ठरलेल्या वेळी, बसून, सावकाश" ही होती. आमच्याकडे (आणि तुमच्याकडेही, खरं सांगा) सून बसते सगळ्यांची पानं उठल्यावर. तोवर वरणाचं पातेलं तळाला गेलेलं असतं, पोळ्या मात्र उरलेल्या असतात. मग उभ्या उभ्या दोन पोळ्या, भाजीचा मसाला, लोणचं आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं. वर "अन्न टाकायचं नाही" आहेच. हे वर्षानुवर्षं चाललं. प्रथिनं पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, पिठूळ ते बाईच्या. कागद म्हणत होता आधी डाळ खा. पण डाळ आधी खायला पानावर आधी बसावं लागतं.

पहिल्या दिवशी वहिनी एक वाजता सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसल्या तेव्हा आई काही बोलली नाही, पण स्वयंपाकघरातून बाहेर निघून गेली. तिसऱ्या दिवशी वहिनींनी अर्धी भाकरी ताटात ठेवली तेव्हा मात्र बोलली. "तवा मिळत नव्हतं म्हणून कमी खाल्लं. आता घर भरून हाय, तर ही कागद बघून कमी खाती."

मला ह्या वाक्यावर हसता आलं नाही. तिच्या जागी बरोबरच होतं ते. खडी फोडून आणलेली सुकडी जिने पदरात बांधली तिच्यासमोर अर्धी भाकरी टाकणं म्हणजे काय, हे वहिनींनाही कळत होतं. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून मोठं ताट मांडणीवर ठेवलं आणि मुलाचं लहानपणचं ताटलं काढलं. घ्यायचंच कमी, म्हणजे टाकायचा प्रश्न नाही. कागदाचाही मान राहिला, बहात्तरचाही.

उपासाचा प्रश्न असाच. चतुर्थी, एकादशी, गुरुवार. महिन्याला सात-आठ दिवस साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, सगळं पीठ. "पण उपास म्हणजे परंपरा!" तर साबुदाणा होतो ज्या कंदापासून तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, मिरची, शेंगदाणाही तिकडचेच. तमिळनाडूतल्या सेलमचे साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल थांबल्यावर. खिचडीची परंपरा आपण समजतो तेवढी पुरातन नाही. वहिनी आता उपासाला दूध, दही आणि पनीर घेतात. विठोबाची काही तक्रार आलेली नाही.

चौथ्या आठवड्यात आईने वरणाला डाळ घालताना मूठ मोठी केली. कुणी सांगितलं नव्हतं. आता सगळ्या घराचंच वरण घट्ट आहे आणि दादाचीही साखर जरा खाली आली आहे.

एवढा सगळा इतिहास चाळून मला एवढंच दिसलं. आमच्या घरातलं ताट गेल्या पन्नास वर्षांत चार वेळा बदललं. एकदा पावसाने, एकदा रेशनने, एकदा तेलाच्या बाजाराने, एकदा कापूस-सोयाबीनने. त्यातल्या एकाही वेळी जेवणाऱ्याला, त्यातही शेवटी बसणाऱ्या बाईला, कुणी विचारलं नव्हतं. पाचव्यांदा ते बदलतंय, आणि ह्या वेळी बदलणारी तीच आहे. "आपलं जेवण" मोडतंय असं ज्यांना वाटतं त्यांनी आधीच्या चार वेळा आठवून पाहाव्यात.

आता नातेवाईक मंडळींसाठी परिपत्रकाचा शेवट. शस्त्रक्रियेच्या आधी भेटायला येणार असाल तर जरूर या, पण पेढे आणू नका; मोसंबी चालतील, जालन्याचीच आणा, रस न काढता. "एवढ्याने काय होतंय, घे अजून एक" हे वाक्य सहा महिने तरी बदनापूरच्या वेशीबाहेर ठेवा. आपल्याकडे प्रेम आग्रहातून दाखवतात, हे मान्य. पण त्यांना आता आग्रह हवा आहे तो पानावर वेळेवर बसण्याचा. लग्नकार्यात दिसल्या तर तेवढा एक खुशाल करा.